शटरची खोड

डॉक्टरांनी लॅचकाकांना विश्रांती घ्यायला सांगितलं, ते बंद दाराच्या आतून. बाहेर येऊन सांगायची डॉक्टरांची तयारी होती, पण बाहेर येण्याची सोय लॅचकाकांनीच त्या दिवशी सकाळी काढून टाकली होती.

झालं होतं असं. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीला नवं लॅच बसवायचं होतं. अशा लॅचला दाराच्या दोन्ही बाजूंना मूठ असते आणि त्या दोन मुठींना जोडणारी एक लोखंडी कांडी दाराच्या पोटातून जाते. मूठ फिरवली की कांडी फिरते, कांडी फिरली की जीभ मागे सरते आणि दार उघडतं. लॅचकाकांनी काम नेहमीसारखंच चोख केलं. भोक पाडलं, पट्टी बसवली, स्क्रू पिळले. कांडी घालायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी कानावरची चपटी पेन्सिल काढून दारात घातली आणि कांडी कानावर ठेवली. मग मुठी लावल्या, फिरवून बघितल्या, 'झ्याक!' असं स्वतःलाच म्हणाले आणि निघून आले.

पेन्सिल चांगल्यापैकी असावी. सकाळचे सगळे पेशंट तिने निभावून नेले. दुपारी एक आडदांड गृहस्थ आत गेले, त्यांनी मागे दार ओढून घेतलं आणि दारातून काडकन आवाज आला. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या मुठी गरागरा फिरू लागल्या आणि दार जागचं हलेना.

लॅचकाकांना बोलावणं गेलं. ते धावत आले, दारासमोर फतकल मारून बसले, मूठ काढून आत डोकावले आणि आपली पिशवी उपसायला लागले. पक्कड निघाली, कानशी निघाली, कधीतरी खायची राहून गेलेली बिस्किटं निघाली. कांडी काही निघेना.

"लॅचकाका, झोप येते का नीट?" आतून डॉक्टरांनी विचारलं. त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"येते की. उभ्या उभ्यासुद्धा येते."

"शेवटची सुट्टी कधी घेतली होतीत?"

लॅचकाका विचारात पडले. "कावीळ झाली होती ना, तेव्हा."

"ती सुट्टी नव्हे, आजारपण. आठ दिवस दुकानाचं तोंड बघू नका. कळलं?"

"बरोबर आहे डॉक्टरांचं," आतून त्या आडदांड पेशंटनेही दुजोरा दिला.

"अहो, ते सगळं नंतर," बाहेरच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "आधी तुमच्या कानावर काय आहे ते बघा."

कांडी सापडली, दार उघडलं, आणि बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी आपापला ताप विसरून टाळ्या वाजवल्या. लॅचकाका घरी पोचायच्या आधी डॉक्टरांचा सल्ला घरी पोचला होता. तो घेऊन जायला त्या आजीच पुरेशा होत्या.

लॅचकाका हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही. त्यांच्या बायकोने लग्नानंतर बरीच वर्षं ते तोंडातून काढलं नाही, पण शेवटी तीही बाहेर त्यांच्याबद्दल बोलताना 'आमचे लॅचकाका' असंच म्हणू लागली. तिला सगळे काकू म्हणत. कुलपं, किल्ल्या, कड्या, बिजागऱ्या, शटरं हा यांचा धंदा. दुकान म्हणजे एका बाजूच्या चष्मेवाल्याला आणि दुसऱ्या बाजूच्या लाँड्रीवाल्याला चुकून जास्त जागा मिळू नये म्हणून मधे ठोकलेली पाचर. आत एक किल्ल्या कापायचं मशीन, भिंतभर कोऱ्या किल्ल्या, एक स्टूल आणि दोन माणसं. एक स्वतः काका आणि दुसरी त्यांची पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. स्टूल एकच असल्यामुळे भांडण व्हायला हवं होतं, पण काका कधी बसतच नसत. बसणं हे गिऱ्हाइकाचं काम, असं त्यांचं मत होतं.

ते उभ्यानेच चहा पीत, उभ्यानेच जेवत आणि उभ्यानेच पुतणीला शिकवत. त्यांनी तिला सगळं शिकवलं. किल्लीचे दात कसे वाचायचे, कुलपाला कान कसा लावायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्क्रू कसा पिळायचा. स्क्रूच्या डोक्यावरची खाच शेवटी उभी राहिली पाहिजे, घड्याळात सहा वाजावेत तशी सरळ. खाच तिरकी राहिली तर काही बिघडत नाही, दार पडत नाही, पण लॅचकाकांना कुणीतरी तोंडावर अपमान केल्यासारखं वाटे. परक्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी दाराशी थबकून खिशातून स्क्रूड्रायव्हर काढत आणि खाच उभी करून मगच आत पाऊल टाकत. पुतणीलाही हे वेड पुरतं लागलं होतं.

काकूंचं दुःख वेगळं होतं. त्यांची धाकटी बहीण एका तळ्याकाठी राहत होती. तिच्याकडे आठ दिवस निवांत राहायला जायचं, हे त्यांनी नवी नवरी असताना ठरवलं होतं. दरवर्षी माळ्यावरून बॅग खाली येई, झटकली जाई, उन्हात ठेवली जाई, आणि मग कुणाच्या तरी तिजोरीचं दार अडे. बॅग पुन्हा माळ्यावर. बिचाऱ्या बॅगेचा प्रवास झाला तो एवढाच.

"पोरगी आहे ना दुकानात?" काकू म्हणत. "ती बघेल की."

"ती बघेल गं," काका म्हणत, "पण शटर कोण उघडेल?"

आता या शटरबद्दल सांगायलाच हवं, कारण खरी गोम तिथे आहे. आसपासची यच्चयावत शटरं लॅचकाकांच्या हाताखालून गेलेली होती. गंजलेलं, वाकलेलं, हटून बसलेलं कसलंही शटर असो, ते असं सुतासारखं सरळ करत की कुणीही एका हाताने वर ढकलावं. आणि त्यांचं स्वतःचं शटर मात्र त्यांच्याशिवाय कुणाच्या बापाला उघडत नसे. आधी ते वीतभर उचलायचं, तिथे ते अडे. मग उजव्या कोपऱ्यात खाली एक सणसणीत लाथ. मग घशातून 'हं!' असा आवाज. मग शटर खडखडत वर. बंद करतानाही तीच कसरत. पुतणीने किती लाथा मारून बघितल्या, लाँड्रीवाल्याने मारल्या, चष्मेवाल्याने तर एकदा चपलेचा अंगठा तोडून घेतला. शटर ढिम्म. त्यामुळे पुतणी रोज सकाळी काकांच्या आधी येऊन फुटपाथवर थर्मास घेऊन उभी राहायची. तिच्याकडे किल्ली नव्हती असं नाही. किल्ल्यांचंच दुकान ते. पण शटरला किल्लीचं काय कौतुक?

"लोकांची दुरुस्त करता, मग स्वतःचं का नाही करत?" असं कुणी विचारलं की काका मशीनवरून मान वर न करता म्हणत, "वेळ कुठेय?"

वेळ नव्हता हे खरं नव्हे. खरं काय होतं ते फक्त लॅचकाकांनाच माहीत होतं, आणि आता तुम्हाला सांगतो. त्या शटरला खोड लॅचकाकांनीच लावली होती.

काविळीची गोष्ट. पुतणी तेव्हा दुकानात नवीन होती. काका बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते आणि पडल्या पडल्या त्यांना एकच चिंता, दुकानाचं वाटोळं झालं असणार. अंगात त्राण येताच मफलर गुंडाळून, भिंतीला धरत धरत ते दुकानात पोचले. मनाची तयारी होती. पोरगी रडत असेल, मशीन मोडलं असेल, गिऱ्हाइकं शिव्या देत असतील. बघतात तो सगळं जिथल्या तिथे. मशीन गुणगुणतंय, गिऱ्हाईक हसतंय, पोरगी किल्ली कापतेय. पुतणी "काका, तुम्ही कशाला आलात?" असं मायेने म्हणाली आणि समोरच्या गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे बघून तिला विचारलं, "हे कोण?"

हे कोण! स्वतःच्या दुकानात! लॅचकाका आल्या पावली घरी परतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. काकूंना वाटलं, कावीळ उलटली.

चालता येऊ लागल्यावर एके दिवशी ते तांबडं फुटायच्या आत दुकानावर गेले. शटर वरखाली सरकतं ते दोन बाजूंच्या दोन उभ्या लोखंडी खोबणींतून. त्यांतल्या उजव्या खोबणीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांनी एक पितळी स्क्रू पिळला आणि त्याचं डोकं थोडं बाहेर ठेवलं. शटर वर जाताना त्याच्या सगळ्यात खालच्या पट्टीचं टोक त्या डोक्याला अडायचं. कमरेने शटर किंचित डावीकडे ढकललं की टोक सुटायचं. बस्स, एवढंच. लाथेचा काही संबंध नव्हता. लाथ लोकांसाठी होती, आणि 'हं!' तर निव्वळ हौस.

स्क्रू पिळताना चष्मेवाल्याच्या खोकल्याचा आवाज आला म्हणून काका घाईने उठले आणि खाच तिरकीच राहिली. नंतर ती सरळ करायचा त्यांना पुष्कळदा मोह झाला. पण त्या स्क्रूला पुन्हा हात लावायचा म्हणजे आपण काय केलंय ते पुन्हा नीट बघायचं, आणि तेवढा धीर या माणसाला नव्हता. ते अधूनमधून खोबणीला तेल घालत आणि दुसरीकडे बघत. आयुष्यात त्यांनी लावलेला तिरक्या खाचेचा तो एकच स्क्रू.

तेव्हा डॉक्टरांचा सल्ला आल्यावर काकूंनी कंबर कसून भांडणाची तयारी केली आणि काका चक्क "जाऊ या" म्हणाले, यात नवल वाटायला नको. दुकान बंद राहणार होतं. आठ दिवस लोक येणार, शटरला डोकं टेकणार, 'लॅचकाका नाहीत हो, आता कसं होणार!' म्हणून हळहळणार. विश्रांती घेण्याची ही पद्धत त्यांना मनापासून आवडली.

"तूही घे सुट्टी," त्यांनी पुतणीला सांगितलं. "शटर काही तुला उघडायचं नाही."

"नाहीच उघडायचं, काका," पुतणी म्हणाली.

काकूंनी बॅग तपासली. बनियनच्या घडीतून पक्कड काढली, मोज्यातून कानशी काढली, दाढीच्या डब्यातून किल्ल्यांचा जुडगा काढला. चष्म्याचं घर मात्र उघडून बघितलं नाही. त्यात चष्म्याच्या शेजारी एक बारका स्क्रूड्रायव्हर शांतपणे झोपला होता.

तळ्याकाठचं ते घर लॅचकाकांना पहिल्या तासातच नकोसं झालं. घरातली एक कडी धड नव्हती. खिडक्यांच्या बिजागऱ्या लोंबत होत्या, स्क्रूंच्या खाचा दाही दिशांना तोंड करून उभ्या होत्या, आणि कळस म्हणजे न्हाणीघराला आतून कडीच नव्हती. काका हातात टॉवेल घेऊन त्या दाराकडे बघत राहिले.

"कडी पडली," त्यांचे साडू म्हणाले. "पुष्कळ वर्षं झाली."

"मग आत गेल्यावर करता काय?"

"गातो," साडू म्हणाले. "गाणं ऐकू आलं की कुणी येत नाही. तुम्हीही गा."

काकांनी ताबडतोब चष्म्याचं घर काढलं. पण मेहुणी आडवी आली. पाहुण्यांनी आमच्या घरी काम करायचं नाही, नाहीतर मी ताईला काय तोंड दाखवू, वगैरे. काकांनी आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी आत जाऊन ते नुसतेच खाकरले. दार उघडलं गेलं. "अगं बाई!" असा आवाज आला आणि दार बंद झालं. दुसऱ्या दिवसापासून ते गाऊ लागले.

साडूंचं घराच्या पुढच्या खोलीत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. जेवण झालं की साडू दाराला एक पाटी लावत आणि मागच्या आरामखुर्चीत ढाराढूर झोपत. पाटीवर लिहिलं होतं, 'मालक झोपले आहेत. पंप बाहेर आहे, हवा आपापली भरून घ्यावी.' पाटी वाचून काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. भर दुपारी, दुकान उघडं टाकून, आणि वर लेखी कळवून! पाटीखालच्या बाकावर एक बाई पंक्चर झालेली सायकल टेकवून स्वेटर विणत बसली होती. काकांना तिची दया आली.

"मी उठवतो त्यांना," ते म्हणाले.

"शू!" बाई म्हणाली. "झोपलेत ना ते. मागे एकदा असंच कुणी उठवलं होतं, तर त्यांनी माझ्या सायकलचं हँडल उलटं बसवलं. घरी जाईपर्यंत मी डावीकडे वळायला उजवीकडे वळत होते."

संध्याकाळी काकांनी साडूंना धारेवर धरलं. धंदा असा करतात का? साडूंना मुळीच राग आला नाही.

"त्याचं काय आहे," ते तळ्यात खडा टाकत म्हणाले, "दमलो की मी चुका करतो. झोपलेला असलो की निदान तेवढा वेळ तरी गिऱ्हाइकाचं नुकसान होत नाही. तुमचं बरं आहे, तुमच्या हातून चुका होत नाहीत."

लॅचकाकांचा हात नकळत कानाकडे गेला. काकूंनी हसू दाबायला पदर तोंडात धरला.

"आणि तुमचं दुकान कोण बघतंय?" साडूंनी विचारलं.

"बंद आहे," काका छाती काढून म्हणाले. "माझ्याशिवाय ते उघडतच नाही."

"अरेरे," साडू म्हणाले. एखाद्याला जुनं दुखणं आहे असं कळल्यावर माणूस म्हणतो, त्याच सुरात. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपला हेवा करायचा सोडून हा माणूस हळहळतोय कशाला?

त्याच रागात त्यांनी गच्चीवर जाऊन चष्मेवाल्याला फोन लावला.

"काय हो, येतात का लोक आमच्याकडे?"

"येतात, येतात. पुष्कळ येतात," चष्मेवाला म्हणाला.

"मग? काय म्हणतात?"

चष्मेवाला जरा थांबला. "काही नाही. येतात आणि जातात."

लॅचकाकांचा जीव भांड्यात पडला. येतात आणि जातात! बिचारे. बंद शटर बघून माघारी फिरत असतील. त्या समाधानात ते खाली आले, साडूंच्या रिकाम्या आरामखुर्चीत जरा टेकले आणि झोपले. असे झोपले, की जेवायला हाका मारल्या तरी उठले नाहीत. काकूंनी अंगावर पांघरूण घातलं आणि थोडा वेळ तिथेच बसल्या. झोपेत या माणसाच्या हाताची बोटं हलत असत, जणू न दिसणारी किल्ली फिरवताहेत. त्या दिवशी बोटं स्वस्थ होती.

मग काय, बांधच फुटला. काका सकाळी झोपले, दुपारी साडूंच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून झोपले, तळ्याकाठी बाकावर काकूंशी बोलता बोलता वाक्याच्या मधेच झोपले. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदम वसूल होत होतं. पाटीवर साडूंनी खडूने 'मालक' खोडून 'दोघे' असं केलं. काकांना भूक लागायला लागली. मासे बघता बघता आपण बराच वेळ मासेच बघतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि तरी ते उठले नाहीत.

एका सकाळी काकू न्हाणीघराबाहेर उभ्या होत्या. आत नवरा गात होता. सूर म्हणाल तर कुठल्या कुठे, शब्द तर मनाचेच, पण काय खुला आवाज! तांब्या वाजवून ताल धरलेला. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हा आवाज या माणसाच्या पोटात होता, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. मेहुणीने येऊन विचारलं, "ताई, अगं काय झालं?"

"काही नाही गं," काकू म्हणाल्या. "ती कडी कधी बसवू नका."

निघायच्या दिवशी मेहुणीचं लक्ष नसताना काका स्क्रूड्रायव्हर घेऊन न्हाणीघराच्या दारापाशी गेले. काकू श्वास रोखून बघत राहिल्या. काका थोडा वेळ उभे राहिले, मग स्क्रूड्रायव्हर चष्म्याच्या घरात ठेवून घर टपकन मिटलं. त्यांनी न दुरुस्त केलेलं ते पहिलं दार.

परत आल्यावर पहिल्या सकाळी लॅचकाका उड्या मारत दुकानावर गेले. पुतणी नेहमीसारखी फुटपाथवर थर्मास घेऊन उभी होती.

"काय गं, उघडायचा प्रयत्न केलास का मधे?"

"काका, तुमच्याशिवाय ते उघडतं का?"

काकांनी बाह्या सरसावल्या. वीतभर उचललं. शटर जागच्या जागी अडलं. आहाहा! कमरेचा झटका, सणसणीत लाथ, 'हं!' आणि शटर खडखडत वर. त्यांचं मन असं भरून आलं की डॉक्टरांचं भलं होवो असंही त्यांना वाटून गेलं.

आत पाऊल टाकलं आणि ते थांबले. आठ दिवस बंद असलेल्या दुकानात धूळ असायला हवी. फरशी लख्ख होती. मशीनखाली पितळेचा चुरा पडला होता, ताजा, चकचकीत. भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्यांत जागोजागी रिकामे खिळे दिसत होते.

पुतणी चहा ओतत होती. काकांनी तेलाची डबी घेतली, उजव्या खोबणीपाशी उकिडवे बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वळवून नीट आत बघितलं. स्क्रू होता तिथेच होता. डोकं तेवढंच बाहेर होतं. फक्त त्याची खाच तिरकी नव्हती. ती उभी होती, घड्याळात सहा वाजावेत तशी सरळ.

हा स्क्रू कुणीतरी काढला होता आणि परत पिळला होता. आणि परत पिळताना खाच तिरकी ठेवणं त्या माणसाच्या जिवावर आलं होतं. असं माणूस जगात दुसरं एकच होतं आणि ते त्यांनीच घडवलं होतं.

तेलाच्या डबीतून तेल फरशीवर ठिबकत होतं.

"कधी कळलं तुला?" त्यांनी शेवटी खोबणीलाच विचारलं.

पुतणीने कप खाली ठेवला. "स्क्रूचं या आठवड्यात कळलं. तुम्ही गेलात त्याच दिवशी समोरच्या इमारतीत एक लहान मूल खोलीत अडकलं आणि हत्यारं सगळी इथे दुकानात. मग उघडावंच लागलं. उघडल्यावर आत बघितलं, तर हा. रोज कोण झटापट करणार म्हणून काढून ठेवला, काल संध्याकाळी परत लावला."

"पण उघडलंस कसं?"

"कमरेने." ती जरा ओशाळली. "ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, काका. तुम्ही लाथ मारायच्या आधी तुमची कंबर हलते."

"पहिल्या वर्षी!" काका उठायला गेले आणि परत बसले. "मग इतकी वर्षं रोज फुटपाथवर कशाला उभी राहिलीस? थंडीत, उन्हात?"

पुतणी काही तरी थट्टा करणार होती, पण तिने केली नाही. "शटर वर गेलं की तुम्ही इतके खूश दिसायचात," ती म्हणाली. "म्हटलं, दिवसाची सुरुवात चांगली होतेय माणसाची, आपलं काय जातंय?"

लॅचकाकांना लाज वाटली, आणि लाजेच्या खालोखाल असं काही हलकं वाटलं की त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. आपल्याशिवाय दुकान चालतं हे कळलं की काळजात खड्डा पडेल अशी त्यांची इतक्या वर्षांची खात्री होती. खड्डा पडला नाही. उलट त्यांना एक लांबलचक जांभई आली.

"स्क्रूड्रायव्हर दे," ते म्हणाले.

"तुमच्या चष्म्याच्या घरात आहे. काकूंनाही माहीत आहे."

त्यांनी स्क्रू काढला, फडक्याने पुसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. मग दुकानातल्या त्या एकुलत्या एक स्टुलावर ते बसले आणि बसूनच चहा प्यायले. चष्मेवाला ते दृश्य बघायला बाहेर आला आणि लाँड्रीवाल्यालाही बोलावून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी लॅचकाका दुकानावर आले तेव्हा चांगलीच उन्हं वर आली होती. शटर उघडं होतं. मशीन गुणगुणत होतं. पुतणी कामात होती आणि दाराशी एक नवीनच गृहस्थ हातात मोडकं कुलूप घेऊन वाट बघत उभे होते. काका त्यांना ओलांडून आत शिरायला लागले तसे गृहस्थ चिडले.

"ओ, रांग आहे इथे. तुम्ही कोण?"

पुतणीचा मशीनवरचा हात थांबला. तिने घाबरून काकांकडे बघितलं.

लॅचकाकांनी डोळे चोळले.

"मी मालक," ते म्हणाले. "झोपलो होतो."